बऱ्हाणपूरचे गणित आणि बऱ्हाणपूरचे पाणी

मराठी वाचकाच्या मनात बऱ्हाणपूरची जी प्रतिमा आहे, ती बहुतांशी धाडी, वेढे आणि मृत्यू यांनी घडलेली आहे. १६३१ मध्ये मुमताजमहलने येथेच देह ठेवला. १६६७ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांचा अंत येथेच झाला. १६८१ च्या आरंभी संभाजीमहाराजांच्या फौजेने बहादूरपुऱ्याची सधन पेठ लुटली ती याच शहराच्या वेशीजवळ. आणि उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये असीरगडासह हे नगर पेशव्यांच्या अंमलाखाली आले. ज्या शहरावरून दक्षिणेतील प्रत्येक मोहिमेचा मार्ग गेला, त्याचा इतिहास रणांगणाच्या भाषेत लिहिला गेला यात नवल नाही. परंतु तापीच्या उत्तर तीरावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, नासिरखान फारुकीने इ. स. १४०० च्या सुमारास वसविलेल्या या नगराला मोजमापाचाही एक इतिहास आहे. आकाशातील ग्रहांची गती, काळाच्या घटिका-पळांचा हिशेब, जमिनीखालील पाण्याचा उतार आणि हजारो माणसांच्या आरोग्याचा बंदोबस्त यांविषयीचा जो विचार आज संगणन, गणित, भौतिकी आणि लोकारोग्य अशा निरनिराळ्या दालनांत विभागलेला दिसतो, तो या एका शहरात शंभरेक वर्षांच्या अवधीत एकमेकांच्या इतका निकट वावरला, की त्याची कथा स्वतंत्रपणे सांगितली जाणे अवश्य आहे.

आरंभ जामा मशिदीपासून करावा. फारुकी घराण्याचा सुलतान आदिलशाह, ज्याला इतिहास राजा अलीखान या नावाने अधिक ओळखतो, त्याने ही मशीद बांधविली. आतील भिंतीवर अरबी लेख आहे, त्यात हिजरी ९९७ या सालाचा निर्देश आहे. आणि त्याच्याच सान्निध्यात देवनागरी लिपीत एक संस्कृत लेख कोरलेला आहे. मशिदीत संस्कृत लेख आहे हे पाहून येणारा-जाणारा थक्क होतो, धार्मिक औदार्याविषयी चार शब्द बोलतो आणि पुढे जातो. ते औदार्य खरेच आहे. परंतु या लेखाचे खरे वैभव त्यातील कालनिर्देशात आहे असे मला वाटते. सृष्टिकर्त्याला वंदन करून आणि फारुकी राजांची वंशावळ सांगून झाल्यावर लेख तिथीकडे वळतो आणि तेथून पुढे तो एखाद्या कसलेल्या ज्योतिषगणितज्ञाच्या हातचा होतो. विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष मास, शुक्ल पक्ष, दशमी २३ घटी, तदनंतर एकादशी, सोमवार, कृत्तिका ३३ घटी, तदनंतर रोहिणी, शिवाय योगाचा निर्देश, वणिज करण, आणि रात्रीच्या ११ घटी गेल्या असता कन्या लग्न. एवढ्या तपशिलाने मशिदीच्या निर्मितीचा क्षण नोंदविलेला आहे. युरोपच्या जुन्या ज्यूलियन गणनेप्रमाणे हा दिवस ५ जानेवारी १५९० चा होय.

हा तपशील शोभेसाठी घातलेला नाही, हे कोणालाही ताडून पाहता येते. ज्यूलियन गणनेने त्या तारखेचा वार काढला तर तो सोमवारच येतो. मकरसंक्रांत होऊन तेव्हा आठवडाभर झालेला होता. म्हणजे सूर्य मकर राशीच्या आरंभीच्या अंशांत होता आणि म्हणून सूर्यास्ताच्या वेळी पूर्व क्षितिजावर मकरेपासून सातवी, म्हणजे कर्क रास उदय पावत होती. कर्केचा उरलेला भाग उगवण्यास चार घटींहून थोडा अधिक काळ लागतो, सिंहेला साडेपाच घटी. म्हणजे दहा घटींच्या आसपास कन्या रास क्षितिजावर येते आणि अकराव्या घटीस कन्या लग्न चालू असलेच पाहिजे. करणाचेही, म्हणजे अर्ध्या तिथीचेही, तसेच. शुक्ल एकादशीच्या पूर्वार्धात वणिज करण असते, उत्तरार्धात विष्टी. आणि दशमी २३ व्या घटीस संपली असल्यामुळे रात्रीच्या अकराव्या घटीपर्यंत एकादशीचा पूर्वार्धच चालू होता. ज्याने हा लेख रचला त्याने तिथी, करण आणि लग्न या निरनिराळ्या गणितांचे धागे एका क्षणावर आणून जुळविले आहेत, आणि सव्वाचारशे वर्षांनंतरही ते सुटत नाहीत.

घटी म्हणजे २४ मिनिटे. ती मोजण्याचे साधन म्हणजे घटिकापात्र: तळाला सूक्ष्म छिद्र पाडलेली तांब्याची वाटी, ती पाण्यावर सोडली की ठरल्या वेळात भरून बुडते. आपल्याकडील लग्नकार्यांत गंगाळातील घटिकापात्राकडे डोळे लावून बसलेला जोशी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे साधन अपरिचित नाही. छिद्राचा व्यास, धातूची जाडी आणि पाण्याचा दाब यांचा मेळ घातल्यावाचून ही वाटी नेमकी चालत नाही. ज्या कारागिराने ती घडविली तो भौतिकीचा एक सिद्धांत हातोडीने सोडवीत होता.

ही गणितविद्या बऱ्हाणपुरात आकाशातून पडली नाही. खानदेशच्याच मुलखात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला होता, आणि शके ११२८ च्या शिलालेखात त्याला निकुंभ सामंतांनी दिलेल्या देणग्यांची नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला, तरी देणग्यांचा तपशील जुन्या मराठीत आहे, आणि त्यात गिऱ्हाइकांच्या व्यवहारावरील व तेलाच्या घाण्यांवरील लहानसा हिस्सा मठाकडे लावून दिलेला आहे. सिद्धांतशिरोमणीचे अध्ययन बाजारपेठेच्या करावर चालावे, ही व्यवस्था आपल्या मुलखात आठशे वर्षांपूर्वी होती. आजच्या विद्यापीठांच्या कारभाऱ्यांनी हा लेख एकदा तरी वाचावा असे मला मनापासून वाटते.

भास्कराचार्यांचे गणित पुढे फारसीत गेले, आणि त्या प्रवासातही बऱ्हाणपूर वाटेवरच आहे. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. तोच फैजी १५९१ मध्ये बादशहाचा वकील म्हणून राजा अलीखानाकडे आला, म्हणजे मशिदीतील तो लेख कोरला जाऊन जेमतेम दीड वर्ष झाले असताना. पुढच्या पिढीत भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे फारसी भाषांतर अताउल्ला रशीदी याने करून शाहजहानला अर्पण केले. हा रशीदी ताजमहालाचा स्थापत्यकार उस्ताद अहमद लाहोरी याचा पुत्र. ज्या बेगमेच्या कबरीसाठी बापाने आग्र्यास संगमरवराचे माप घेतले, ती बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात चौदाव्या बाळंतपणात दगावली होती आणि तापीपलीकडील जैनाबादच्या आहूखान्यातून तिचा देह काही महिन्यांनी आग्र्यास नेण्यात आला होता.

परंतु या शहरात गणित आणि पाणी यांची खरी गाठ पडली ती अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकीर्दीत. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती गेला, खानदेश मोगली सुभा झाला, आणि दक्षिणेच्या मोहिमांचा सेनापती या नात्याने खानखानानचे वास्तव्य पुढे दीर्घकाळ बऱ्हाणपुरात राहिले. हिंदीतील दोह्यांचा कर्ता म्हणून रहीम सर्वांस ठाऊक आहे. त्याने खेटकौतुक या नावाचा ज्योतिषविषयक ग्रंथ संस्कृत आणि फारसी शब्दांच्या मिश्रणात रचला हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्याच काळात वऱ्हाडातील पयोष्णीतीरावरच्या दधिग्राम गावच्या दैवज्ञ घराण्यातील कृष्ण दैवज्ञ हा जहांगीरच्या आश्रयास होता. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर उपपत्तींसह टीका लिहिणारा हा मोठा गणिती. आणि श्रीपतीच्या जातकपद्धतीचे उदाहरण करून दाखविताना त्याने जी जन्मपत्रिका घेतली ती खानखानानची. वऱ्हाडी दैवज्ञाने तुर्क सरदाराच्या जन्मवेळेवरून सूर्य-चंद्राचे अंश काढून विद्यार्थ्यांस पद्धती शिकवावी, आणि त्या सरदाराने स्वतः संस्कृत श्लोकांत फारसी शब्द गुंफून ग्रहफळे सांगावीत! त्या काळच्या विद्याव्यवहाराचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आता पाण्याकडे वळू. सुभ्याचे ठाणे झाल्यावर बऱ्हाणपुरात फौज, बाजारबुणगे, कारखाने आणि सराया यांची गर्दी झाली. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा वकील सर टॉमस रो शहाजादा परवेझच्या भेटीस येथे आला, तेव्हा हे शहर दक्षिणेतील मोगली सत्तेचे केंद्र होते. तापी शहराला लागूनच वाहते. परंतु नदीचे पाणी पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात आटलेले आणि युद्धकाळात शत्रूच्या हाती पडण्याजोगे. नदीत विष कालविले गेले तर सगळी छावणी एका रात्रीत आडवी होईल, ही धास्ती बऱ्हाणपुरात अजूनही सांगितली जाते. तेव्हा त्याच १६१५ साली, खानखानानच्या कारकीर्दीत, इराणी भूजलवेत्ता तब्कुतुल अर्ज याने सातपुड्याच्या पायथ्याची जमीन धुंडाळून शहरासाठी भूमिगत पाण्याची व्यवस्था आखली. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा आणि कुंडी भंडारा ही तिची प्रमुख अंगे. कुंडी भंडाऱ्यालाच खुनी भंडारा असेही म्हणतात. अशा एकूण आठ जलव्यवस्थांचा माग लागतो.

हिचे तत्त्व इराणातील कनातीचे. डोंगराच्या उतारावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि मातीच्या थरांतून नदीच्या दिशेने अदृश्य वाटेने सरकत राहतो. त्याला वाटेत अडवून, ज्या खोलीवर तो सापडतो तेथून जवळजवळ सपाट, पण किंचित उतरता बोगदा खणीत आणायचा, आणि जमिनीचा उतार बोगद्याच्या उतारापेक्षा अधिक असल्यामुळे शहरापाशी पाणी आपोआप भूपृष्ठाजवळ येते. मोट नको, रहाट नको, बैल नको. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी असतात, त्यांनाच येथे कुंड्या म्हणतात. खणताना त्यांतून माती वर काढायची, नंतर त्यांतून हवा खेळवायची, आणि गाळ काढण्यासाठी त्यांतूनच माणूस उतरवायचा. कुंडी भंडाऱ्यावर अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत आणि दोन कुंड्यांमधील अंतर वीस मीटरच्या आसपास आहे. या सर्व कुंड्यांचे पाणी जाळी करंज येथील हौदात एकत्र होऊन तेथून भाजलेल्या मातीच्या नळांनी शहरात जाई.

सगळी किमया उतारात आहे. बोगदा अधिक उतरता झाला तर पाण्याचा वेग वाढून तळ आणि भिंती खरवडल्या जातात; कमी उतरता झाला तर गाळ बसून वाट बुजते. हजार हातांत एखाद-दोन हातांचा हा उतार जमिनीखाली, अंधारात, कुंडीमागून कुंडी राखीत आणणे हे मोजणीचे असे काम आहे, की त्यात हाताच्या अंदाजाला वाव नाही. अकराव्या शतकाच्या आरंभी अल-करजी या गणितज्ञाने लपलेले पाणी वर काढण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात समपातळी पाहण्याची उपकरणे, ओळंबे आणि त्यांची गणिते सांगितली. हा अल-करजी मुळात बीजगणिताचा आचार्य. आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रामुळे जो मेरुप्रस्तार प्रसिद्ध आहे, त्या संख्यात्रिकोणाचा अभ्यास त्यानेही केलेला होता. इराणातील कनात खणणारे कारागीर बोगद्यात दोन दिवे टांगून त्यांच्या ज्योती एका रेषेत दिसतात की नाही यावरून दिशा सरळ ठेवीत. ग्रंथातील गणित आणि दिव्याची ज्योत यांच्या आधारावर ही विद्या पूर्वेकडे आली.

कुंडीत आज उतरता येते. एका कुंडीवर यंत्राचा पाळणा बसविलेला आहे आणि तो सुमारे ८० फूट खाली नेतो. खाली गुडघ्याएवढे स्वच्छ, वाहते पाणी आहे. उन्हाळ्यातही तेथील हवा थंड असते आणि कोंदटपणा नसतो, कारण पुढच्या व मागच्या कुंड्यांतून वारा सतत खेळतो. पुढे पाहिले तर पुढील कुंडीचा प्रकाश बोगद्याच्या तळावर गोल पडलेला दिसतो. भिंतींना हात लावला तर दगड लागत नाही, चुन्याचा खडबडीत थर लागतो. सातपुड्याच्या जमिनीतून झिरपताना पाणी क्षार घेऊन येते आणि भिंतींवर ते साचत जाते. शतकानुशतके साचलेल्या या थरांनी कित्येक जागी बोगद्याची रुंदी कमी केलेली आहे.

या व्यवस्थेचा आरोग्याशी काय संबंध होता हे नारूच्या उदाहरणाने नीट कळते. निमाड, खानदेश आणि राजस्थान या टापूंत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे दुखणे सोसले. पायाला फोड येतो, त्यातून दोन-तीन फूट लांबीचा कृमी दिवसाला बोटभर या गतीने बाहेर पडतो, आणि तो काडीवर गुंडाळीत बसण्यावाचून माणसाला गत्यंतर नसते. फोड झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की कृमी पाण्यात अळ्या सोडतो, त्या पाण्यातील बारीक किड्यांच्या पोटात जातात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात पुढच्या वर्षीचा नारू वाढू लागतो. म्हणजे रोगाचे मूळ पाण्यात पाय बुडण्यात आहे. कुंडी भंडाऱ्याच्या कुंड्यांना पायऱ्या नाहीत. त्यांचे तोंड जमिनीपासून उंच बांधलेल्या कठड्याने घेरलेले आहे, आणि पाणी घेण्याची जागा दूर शहरात आहे. ज्यांनी ही रचना केली त्यांच्यासमोर कृमीचे जीवनचक्र नव्हते, परंतु पिण्याच्या पाण्यात कोणी उतरू नये, पावसाचे घाण पाणी त्यात मिसळू नये, हा नियम त्यांनी दगडात बांधून ठेवला. भारताने १९८० च्या दशकात नारूनिर्मूलनाची मोहीम हाती घेतली तेव्हा पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसविणे आणि पाणी गाळून पिणे हाच तिचा गाभा होता. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

युरोपात भूजल आणि लोकारोग्य या दोन विद्यांना शास्त्राचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, आणि तेही जवळजवळ एकाच वेळी. १८५४ मध्ये लंडनमधील पटकीच्या साथीत जॉन स्नो याने रोग्यांची घरे नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखविले. १८५६ मध्ये फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता हेन्री दार्सी याने वाळूतून पाणी कोणत्या प्रमाणात झिरपते याचे सूत्र प्रसिद्ध केले. आज कुंडी भंडाऱ्यात किती पाणी यावे याचा हिशेब मांडायचा झाला तर दार्सीच्याच सूत्राचा आधार घ्यावा लागतो.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. हे शुद्ध पाणी शहरात खळखळत असतानाच १६३० ते १६३२ या वर्षांत दक्षिणेत आणि गुजरातेत जो दुष्काळ पडला, त्याने हा सारा मुलूख उजाड केला. इंग्रज व्यापारी पीटर मंडी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याकडे जाताना बऱ्हाणपूरच्या वाटेने गेला, आणि वाटेवरील प्रेतांचे जे वर्णन त्याने लिहून ठेवले ते आजही वाचवत नाही. शाही हमाममध्ये गरम पाण्याच्या नळ्या होत्या, किल्ल्यात हकीम होते. तरी राणी बाळंतपणात गेली आणि रयत भुकेने गेली. जलव्यवस्थेचा गौरव करताना तिची मर्यादा झाकून ठेवणे हे इतिहासकाराला शोभणारे नाही.

मोगलांमागून मराठे आले, मग इंग्रज. जुनी व्यवस्था कमीअधिक डागडुजीने चालत राहिली, आणि मातीच्या नळांची जागा लोखंडी नळांनी घेतली. तिला खरा धोका आला तो अलीकडच्या काळात. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जो पट्टा बऱ्हाणपूरपासून रावेर, यावल, चोपड्यापर्यंत पसरलेला आहे, तो पाणी झपाट्याने मुरवून घेणारा आहे. त्यावरच कुंडी भंडारा जगला आणि त्यावरच आज मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील केळीच्या बागा जगतात. कूपनलिका खोल गेल्या, डोंगरावरचे रान विरळ झाले, आणि जो पाण्याचा थर बोगद्याच्या वर असावयास हवा तो खाली सरकला. परिणामी काही भंडारे कोरडे पडले. जे वाहतात त्यांतही चुना साचतो आहे.

२०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत बऱ्हाणपूरच्या या जलव्यवस्थेचे नाव दाखल झाले, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांनी तापी खोऱ्यातील भूजलाच्या महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. पुराचे पाणी सातपुड्याच्या त्याच पट्ट्यात मुरवून थर पुन्हा वर आणावा, अशी तिची कल्पना आहे. माझ्या मते या योजनेच्या कामाला लागणाऱ्या अभियंत्यांनी आपले पहिले मोजमाप कुंडी भंडाऱ्यात घ्यावे: प्रत्येक कुंडीतील पाण्याची पातळी दर पंधरवड्याला, जाळी करंजावरील प्रवाह दर महिन्याला, आणि भिंतीवरील चुन्याची जाडी दर वर्षाला टिपून ती नोंद बऱ्हाणपूरच्या महानगरपालिकेच्या दफ्तरात व जळगावच्या भूजल कार्यालयात सारखीच ठेवावी. थर वर येतो आहे की नाही, हे तपासण्यासाठी शंभराहून अधिक विहिरींची एका रेषेतली अशी तयार मोजपट्टी या खोऱ्यात दुसरी नाही.